तेरेखोलच्या पाण्यात परका मासा : काळुंदराचं काय होणार?

रेडी म्हटलं की बातमी येते ती खाणीची, बंदराची नाहीतर रापणीची. गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मिरगाचा पाऊस लागला की व्हाळात चढणीचे मासे येतात, दोन दिवस घराघरात कालवण होतं आणि विषय संपतो. ही मासळी घरच्यापुरती, त्यामुळे ती बहुतेक सरकारी नोंदीत येतच नाही. नेमकी इथेच अडचण आहे. आधी किती होतं तेच लिहिलेलं नसेल, तर कमी झालं हे सांगणार कसं?

परक्या माशांत सर्वांत जुना तिलापिया, उजनीकडचे लोक त्याला चिलापी म्हणतात. मूळचा आफ्रिकेचा. भारतात तो 1952 मध्ये आणला गेला आणि 1959 मध्येच त्याच्या प्रसाराला बंदी घालावी लागली. तोवर तो सुटलेला होता. उजनीच्या जाळ्यात आज तो मुख्य मासा आहे. गरिबाच्या ताटात स्वस्त मासळी आली, हेही खरंच.

पण उजनी वेगळी, तेरेखोल वेगळी. बांद्यावरून आरोंद्याला आणि पुढे रेडीच्या दक्षिणेला समुद्राला मिळणाऱ्या या नदीत भरतीचं पाणी बरंच आत शिरतं. रोहू-कटला असते तर खारं पाणी त्यांना अडवतं. मोझांबिकचा तिलापिया मात्र खाऱ्या पाण्यातही तगतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्लं काही महिन्यांतच वयात येतात, वर्षातून अनेकदा वीण होते. काळुंदर आपली अंडी दगडाला किंवा लाकडाला चिकटवून जोडीने राखण करतं. दोघांना जागा एकच हवी, उथळ आणि संथ. दोघांची गाठ पडली तर जड कोण जाणार, हे सांगायला नको. काळुंदराचा बाजारातला भाव पाहता हा प्रश्न नुसत्या निसर्गप्रेमींचा राहत नाही.

मांगूरचं प्रकरण अधिक गंभीर. आफ्रिकी मांगूरवर केंद्राने 2000 मध्ये बंदी घातली, हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात तळी नष्ट करण्याची कारवाईही झाली. हा मासा हवेतला श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरकत दुसऱ्या पाण्यात जातो आणि समोर येईल ते खातो. शेततळं फुटलं की मळ्यातला व्हाळ त्याला मोकळाच.

आरोग्य खात्याचे गप्पीही परदेशीच, दक्षिण अमेरिकेतले. डासांसाठी ते विहिरीत सोडतात ते ठीक, पण विहीर भरून वाहिली की गप्पी शेतात. अळ्या खाणारे, डोक्यावर चकाकता ठिपका असलेले छोटे मासे आपल्याच व्हाळात असताना ते वापरायला हरकत कसली?

जिल्ह्याला याचं मोल ठाऊक नाही असंही नाही. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमापाशी 2020 मध्ये नवी प्रजाती नोंदली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. एका कुंडाला संरक्षण मिळालं, खालच्या नद्यांना नाही.

ग्रामपंचायतींकडे जैवविविधता समित्या आणि लोक नोंदवह्या कायद्याने आहेत. त्यात एक पान माशांचं भरायला मोठा निधी लागत नाही. चढणीच्या दिवसांत जाळ्यात कोणते मासे आले, त्यात परके किती, हे जाणती मंडळी सांगू शकतात. रेडी, शिरोडा, आरोंदा या तीन गावांनी यंदाच्या मिरगापासून तेवढं लिहून ठेवलं, तर पाच वर्षांनी मत्स्य विभागासमोर ठेवायला काहीतरी असेल. आणि तोवर शेततळ्याला परवानगी देताना आत कोणतं बी सोडणार, हे विचारायला कोणाची हरकत असू नये.