श्रद्धेचेही दात मोजावे लागतील

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी हे गाव शनिवारच्या जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. येथे बैल घेण्यासाठी आलेला शेतकरी विकणाऱ्याच्या शपथांवर विसंबून पैसे मोजीत नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो, बैल आदत आहे, दुसा आहे की चौसा याची खात्री करून घेतो, खूर तपासतो, खांद्यावरून हात फिरवतो, चालवून पाहतो. हाच शेतकरी पोळ्याच्या दिवशी त्याच बैलाच्या पायांवर पाणी घालतो, त्याला पुरणपोळीचा घास भरवतो आणि त्याच्यापुढे हात जोडतो. पारख केल्यामुळे त्याची कृतज्ञता उणावत नाही. हात जोडले म्हणून पुढच्या खरेदीत दात पाहण्याचे तो सोडून देत नाही.

अध्यात्म आणि चिकित्सा यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते. अर्धेच, कारण तोच शेतकरी बैलाच्या अंगावरील गोमही शोधतो आणि केसांच्या एखाद्या भोवऱ्यापायी धडधाकट जनावराची किंमत उतरते. डोळस पारख आणि निराधार समजूत एकाच माणसाच्या ठायी नांदत असतात. म्हणून समाजाची ‘श्रद्धाळू’ आणि ‘विवेकी’ अशी सरळ वाटणी करणारा कार्यकर्ता आपल्याच माणसांना ओळखत नाही, असे म्हणावे लागते.

ही वाटणी मराठी संतपरंपरेलाही मान्य नव्हती. श्रीगोंदा गावीच शेख महंमदांची समाधी आहे. मुसलमान कुटुंबात जन्मलेल्या सतराव्या शतकातील या संताने ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि ढोंगी गुरूंवर व पोकळ अवडंबरावर कोरडे ओढले. त्यांची चिकित्सा भक्तीच्या बाहेरून आलेली नव्हती, ती भक्तीतूनच निघाली होती. मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले. विठ्ठलाला मानणाऱ्या माणसानेच विठ्ठलाच्या दारातील अन्यायाला जाब विचारला आणि मंदिराचे दार उघडले.

मग चिकित्सेची मर्यादा कोठे? माणसाने कसे जगावे, दुःख कसे सोसावे, दुसऱ्याच्या दुःखात कसे उतरावे, हे अध्यात्माचे क्षेत्र आहे. तेथे कोणाच्या अंतःकरणावर पहारा बसविण्याचे कारण नाही. परंतु मंत्राने विष उतरते, अंगाऱ्याने रोग बरा होतो, असे कोणी सांगू लागला की तो या जगातील कार्यकारणाविषयी दावा करीत असतो. अशा दाव्याचे दात मोजलेच पाहिजेत. त्याचप्रमाणे देवाच्या नावाने कोणाला दाराबाहेर ठेवले जाते आणि कोणाची तिजोरी भरते, हेही विचारलेच पाहिजे. प्रश्नाची खरी गोम येथे आहे.

हा भेद कायद्यानेही मान्य केला आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबर 2013 मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो. यात्रा, परिक्रमा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन आणि भजन यांना मात्र त्याने स्पष्टपणे मोकळीक दिली आहे. तरीही हा कायदा वारीवर घाला घालील, अशी हाकाटी अनेक वर्षे करण्यात आली. ती लोकांना पटली, कारण कायद्याचा मसुदा घेऊन भजनी मंडळापर्यंत जाणारे फार थोडे होते.

येथे पुरोगामी कार्यकर्त्यांचा दोष मान्य करावा लागेल. काहींनी माळकऱ्याची टिंगल करण्यालाच प्रबोधन मानले. तर काहींनी निवडणूक जवळ येताच बुवांच्या पायांवर डोके टेकवले. पहिल्या प्रकाराने माणसे दुरावली आणि दुसऱ्याने त्यांना फसविणाऱ्यांची प्रतिष्ठा वाढली. दोन्ही ठिकाणी लोकांच्या विचारशक्तीविषयीचा अविश्वासच दिसून येतो.

सर्पदंश हा शेतात राबणाऱ्यांचा रोजचा धोका आहे. मंत्रात गेलेला प्रत्येक तास जीव घेऊ शकतो. गावच्या हरिनाम सप्ताहात व्यासपीठावरूनच हे सांगितले गेले, तर ते घरोघर पोहोचेल. त्यासाठी कार्यकर्त्याने सप्ताहाला जावे, पंगतीत वाढावे, कीर्तनकारांशी बोलावे आणि कायद्याचे कलम वाचून दाखवावे. जवळच्या सरकारी दवाखान्यात सर्पविषावरील लस आहे की नाही, याचीही चौकशी करावी आणि नसेल तर त्यासाठी मोर्चा काढावा. मांत्रिकाचे दार बंद करावयाचे असेल, तर दवाखान्याचे दार उघडे असावे लागते. हे काम भाषणाहून कष्टाचे आहे. परंतु श्रद्धाळू माणसाच्या विवेकावर विश्वास असल्याचा दुसरा पुरावा नाही.