रक्त फडात तयार होतं

शरीर दर सात वर्षांनी नवं कोरं होतं, असा मेसेज व्हॉट्सॲपवर अधूनमधून येतो. थाप आहे. डोळ्याच्या भिंगाचा गाभा आईच्या पोटात तयार होतो, तो शेवटपर्यंत तोच. आतड्याचं अस्तर मात्र चार-पाच दिवसांत बदलतं. आम्हा लॅबवाल्यांचा रोजचा संबंध तांबड्या पेशींशी, आणि त्यांचं आयुष्य सुमारे १२० दिवस.

बीड जिल्ह्यातल्या तेलगावात बसून हा आकडा वेगळाच दिसतो. आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ती हंगाम संपून पट्टा पडल्यावर परततात. गाव सोडताना बाईच्या अंगात जे रक्त होतं, ते परतेपर्यंत जवळजवळ संपलेलं असतं. सगळं नवं रक्त फडात आणि कोपीवर तयार झालेलं. आपण तपासतो ते बहुतेक निघण्याआधीचं, आणि आरोग्य कार्डावर शिक्का मारून मोकळे होतो.

हिमोग्लोबिन बघायची जुनी रीत मी अजून वापरतो. नळीत सौम्य आम्ल, त्यात बोटातलं रक्त. तपकिरी रंग आला की थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या काचेशी जुळवायचा. बाईचं बारा तरी हवं. हंगामाहून आलेल्या कितीतरी जणींचा रंग आठाच्या आतच जुळतो, पुढे पाणी घालायची गरजच उरत नाही.

जुन्या पेशींतलं लोह शरीर वाया घालवत नाही, नव्या पेशींना देतं. पाळीत गेलेलं लोह मात्र ताटातूनच यावं लागतं. पहाटे तीनला भाकऱ्या थापून, नुसत्या चहावर फड गाठणारीच्या ताटात ते कुठून येणार? त्यात चहा असलेलं लोहही अंगी लागू देत नाही.

गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला झडतं आणि तळाच्या थरातून पुन्हा उगवतं, व्रण न ठेवता. बीडमध्ये नेमकी हीच पिशवी काढली गेली. २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची काढलेली आढळली. अंगावरून जास्त जातंय, खाडा होतो, मुकादम दंड लावतो. मग काढूनच टाका. सोबत अंडाशयही गेलं, तर तिशीतच हाडं झिजायला लागतात. पुढे या शस्त्रक्रियेला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली, बरंच झालं. पण परवानगीने रक्त वाढत नाही.

आमच्याकडे सोळंके साखर कारखाना आहे. अशा प्रत्येक कारखान्याच्या लॅबमध्ये उसाचा उतारा रोज निघतो. मग संक्रांतीच्या सुमाराला, हंगामाच्या मध्यावर, तोडणाऱ्या बायकांचं थेंबभर रक्त तपासायला काय हरकत आहे? लोहाच्या गोळ्या तिथेच द्या, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही तीन महिने चालू ठेवा, कारण साठा भरायला तेवढा वेळ लागतो. त्या दिवसाचा खाडा धरायचा नाही, हे मुकादमाला उचल देतानाच लिहून घ्या.