दवाखान्यांची सावड



आवणीला आपण सावड करतो. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. एकट्या घराच्या माणसांनी आवणी वेळेत उरकत नाही. मोठे संकट आले की दवाखान्यांनाही अशीच सावड करावी लागते.

खोपोलीच्या शिळफाट्याला येणारा बोरघाटाचा जुना रस्ता तुमच्या पायाखालचा. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे तिथे बस दरीत कोसळून १३ जण गेले. जखमी पंचवीसच्या वर. इतके जण एकदम आले तर एका दवाखान्याच्या खाटा, डॉक्टर आणि रक्त पुरत नाही. म्हणून काहींवर खोपोलीच्या नगरपालिका रुग्णालयात, तर काहींवर कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात उपचार झाले. जवळच्याने रक्त थांबवावे, श्वास सांभाळावा. मोठी शस्त्रक्रिया मोठ्याने करावी, अशी ही वाटणी.

कोरोनात प्राणवायू कमी पडला, तेव्हा सावड राज्याबाहेर गेली. १९ एप्रिल २०२१ रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेने विशाखापट्टणमला निघाले. भरून आले ते नागपूर आणि नाशिकला उतरले.

पण दवाखाना सज्ज असून भागत नाही, जखमी तिथवर पोचला पाहिजे. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता. मदतीची माणसे पावसात पायी चढली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत.

ही पहिली मजल गावाची आहे. तेव्हा एवढे कराच :

१०८ ला फोन लावताना जखमी किती आणि बेशुद्ध किती, हे आधी सांगा. त्यावरून गाड्या किती पाठवायच्या ते ठरते.

मानेला, पाठीला मार असेल तर झोळीत घालू नका. फळीवर सरळ निजवून आणा. अशी फळी आणि दोर समाजमंदिरात ठेवा.

गाडी कुठवर येते आणि तिथे उभे कोण राहील, हे ठरवा.

रक्तगटांची यादी करा. पिशवीतले रक्त साधारण ३५ दिवस टिकते. सगळ्यांनी एकाच दिवशी न देता पाळीपाळीने द्यावे.

कुणाला कुठे न्यायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या. खरचटलेल्याने खाट अडवली, तर रक्त वाहणारा दारात राहतो.

सावड पाऊस लागल्यावर ठरवत नाहीत. ही बोलणी येत्या ग्रामसभेत करून टाका.