जन्मदाखल्यावर तुझं नाव काय लिहिलंय?

माझं नाव ज्ञानेश्वर. मराठी शाळेच्या दाखल्यावर बरोबर आहे. आधारवर इंग्रजीत ते 'डी'नं सुरू होतं आणि जन्मदाखल्यावर 'जे'नं. मराठीतनं इंग्रजी केलं की 'ज्ञ'चा 'डीएनवाय' होतो, कन्नडमधनं केलं की 'जेएन'. पासपोर्ट काढताना ही दोन्ही नावं माझीच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, नोटरी आणि चार हेलपाटे झाले.

चूक कुणाची? बाबा मराठी शाळेत सातवी शिकलेले. त्यांच्यापुढं कन्नड फॉर्म आला, त्यांनी सही केली. आपल्याच पोराच्या नावाची नोंद त्यांना वाचता आली नाही. खिडकीवरच्या कारकुनावर माझा राग नाही. राग आहे तो ही पद्धत चालवून घेणाऱ्यांवर, आणि त्यात आपणही आलो.

आपण १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. सुप्रीम कोर्टात २००४ पासून दावा आहे. ते पाहिजेच. पण नोंदणीच्या खिडकीवर रोज जे होतं, त्याबद्दल कोण बोलतंय?

"एका स्पेलिंगचं काय एवढं?" म्हणणाऱ्यांनो, कायदा बदललाय. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या पोरांना शाळा, लायसन, मतदार यादी, सरकारी नोकरी, सगळीकडं जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार. तिथं नाव चुकलं की ते जन्मभर मागं लागणार.

"कन्नड शिका की" म्हणतात. येते आम्हाला, शेजाऱ्याशी रोज बोलतो. भांडण भाषेशी नाहीच. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर आहेत, तिथं महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्रानं १९५६ लाच ठरवलंय. आम्ही नवीन काय मागतोय?

मागणी चालूच ठेवूया. पण तोवर पोरांनो, घरात बाळ झालं की हॉस्पिटलातला फॉर्म दुसऱ्यावर सोडू नका. नावाचं स्पेलिंग स्वतः लिहून द्या. २१ दिवसांत नोंद फुकट होते. दाखला खिडकीवरच उभं राहून वाचा. चुकलं असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती मागा. दाद मिळाली नाही तर गाऱ्हाण्याचा अर्ज मराठीत द्या. घटनेचं कलम ३५० तो हक्क देतं. आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

गेल्या महिन्यात मला पुतणी झाली. फॉर्म मी भरला, बाबांना मराठीत वाचून दाखवला, मगच सही झाली.