मुलगा घरात आहे. पण सुरक्षित आहे काय?

मुलगा रात्री घराबाहेर नाही, वाईट संगतीत नाही, आपल्या खोलीत बसला आहे, एवढ्यावर आईबाप निश्चिंत होतात. ही निश्चिंती किती पोकळ असू शकते, हे मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘अ‍ॅडोलेसन्स’ या चार भागांच्या ब्रिटिश मालिकेने जगाला दाखविले. तेरा वर्षांचा जेमी आपल्याच शाळेतील केटी या मुलीचा खून करतो. खुनी कोण, याचा निकाल पहिल्याच भागात लागतो. उरलेले तीन भाग ‘का?’ या एकाच प्रश्नाला दिलेले आहेत. ऐंशी टक्के स्त्रियांना वीस टक्केच पुरुष आवडतात, असले शास्त्राचा आव आणणारे विष या मुलांच्या भ्रमणध्वनीवर फिरत असते. जेमीचा बाप दारुडा नाही, मारकुटा नाही. कष्ट करून पोट भरणारा साधा नळकारागीर आहे. म्हणूनच ही कथा पाहणाऱ्या प्रत्येक बापाला अस्वस्थ करते. ब्रिटनमधील माध्यमिक शाळांना ती विनामूल्य दाखविण्याची सोय झाली आणि तेथील पंतप्रधानांनी तिचे स्वागत केले, यात नवल नाही.

हे विलायतेचे दुखणे आहे, आपल्याला त्याचे काय, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. १९९० साली उल्हासनगर येथे शालान्त परीक्षेस बसलेल्या रिंकू पाटील हिला परीक्षेच्या वर्गातच जाळण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या विदर्भातील हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेट्रोल टाकून पेटविण्यात आले आणि सात दिवसांनी तिचा अंत झाला. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या एका उच्चभ्रू शाळेतील तेरा-चौदा वर्षांची मुले वर्गभगिनींविषयी व्हॉट्सअ‍ॅपवर किळसवाणे संभाषण करीत असल्याचे उघडकीस आले व शाळेने त्यांना निलंबित केले. रिंकू पाटील जळाली तेव्हा भ्रमणध्वनी नव्हता. मुलीचा नकार म्हणजे आपला अपमान, ही समजूत यंत्राने निर्माण केलेली नाही. यंत्राने तिला अहोरात्र टाळ्या वाजविणारा जमाव मिळवून दिला, एवढेच.

या समजुतीला खतपाणी घालण्यात आपली करमणूकही मागे राहिलेली नाही. १९९३ च्या ‘डर’ चित्रपटात नायिकेचा पिच्छा पुरविणारा विकृत तरुण नायकाहून अधिक लोकप्रिय ठरला. ‘नाही’चा अर्थ ‘हो’ असतो, हे आपल्या नायकांनी पिढ्यानपिढ्या गाऊन सांगितले. अशा अत्याचाराला ‘एकतर्फी प्रेम’ म्हणण्याची रीत त्याच शिकवणुकीचे फळ होय. छळाला प्रेम म्हणणारा समाज मुलाच्या हातात अर्धी क्षमा आधीच देऊन ठेवतो.

तथापि, ‘अ‍ॅडोलेसन्स’ही निर्दोष नाही. जेमीचे घर आपल्याला कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत ठाऊक होते; केटीचे घर मात्र आपण पाहातच नाही. मालिकेतील एक महिला अधिकारीच खंत व्यक्त करते की, लोक खुन्याला लक्षात ठेवतील, मुलीला नाही. खंत खरी आहे. परंतु ती बोलून दाखविल्याने उणीव भरून निघत नाही. मुलगा कसा बिघडला हे समजून घेणे आवश्यक आहेच. पण मेलेल्या मुलीला केवळ त्याच्या शोकांतिकेचे निमित्त करणे हा दुसरा अन्याय होईल.

आमच्या मते, अशा नाट्याचे खरे बळ ते सर्वांनी मिळून पाहण्यात आहे. दिवाळीनंतर आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. दंडार होते, रात्री झाडीपट्टीचे नाटक रंगते. आजा, बाप आणि नातू एकाच मांडवात बसतात आणि नाटकातील खलपुरुषाची झाडाझडती दुसऱ्या दिवशी घरोघर चालते. भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर मात्र मुलगा एकटाच असतो. ‘हे चूक आहे’ असे म्हणणारे शेजारी कोणी नसते.

तुमसरच्या मुख्याध्यापकांनी वरच्या वर्गांतील मुले आणि त्यांचे बाप यांना एकत्र बसवून अशी मालिका दाखवावी व नंतर मोकळी चर्चा घडवून आणावी. झाडीपट्टीच्या नाटककारांनी येत्या हंगामात हा विषय हाती घ्यावा. मात्र त्यात मुलीलाही नाव, घर आणि आवाज द्यावा. भ्रमणध्वनी हिसकावून घेणे सोपे आहे. मुलाशेजारी बसून तो काय पाहतो हे विचारणे कठीण आहे. ते कठीण काम बापानेच केले पाहिजे, आणि मुलगा बोलेनासा होण्यापूर्वी केले पाहिजे.