जुन्या कपड्यांचा जमाखर्च

देण्याची इच्छा होणे ही एक गोष्ट आणि दिलेली वस्तू योग्य हाती, योग्य वेळी पोहोचणे ही दुसरी. व्यापारी घराण्यांना हा भेद समजावून सांगावा लागत नाही. गोदाम भरले म्हणून गिऱ्हाइकाची गरज भागली, असा हिशेब कोणत्याच पेढीवर धरला जात नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील गृहिणींना सेवाकार्यात हाच अनुभव आला.

युद्धाचे सावट दिसू लागताच १९३८ मध्ये लेडी रीडिंग यांनी स्त्रियांची एक स्वयंसेवी संघटना उभारली. या बाईंचा हिंदुस्थानशी जुना संबंध होता. लॉर्ड रीडिंग व्हाइसरॉय असताना त्या दिल्लीत व्हाइसरॉयांच्या पत्नीच्या चिटणीस होत्या. त्या पत्नीच्या निधनानंतर, १९३१ मध्ये, लॉर्ड रीडिंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या संघटनेत लष्करी हुद्दे नव्हते. बहुतेकींना वेतन नव्हते आणि गणवेशही पदरमोड करून घ्यावा लागे. तरीही ऐन युद्धात सभासदांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली.

जुलै १९४० मध्ये विमाने बांधण्यासाठी ॲल्युमिनियमची भांडी द्यावीत, असे आवाहन झाले. घरोघरच्या पातेल्यांचे ढीग लागले. रोजच्या वापरातली भांडीही बायकांनी आणून दिली. पुढे असे दिसले की, त्यांतला बराचसा धातू विमानाच्या उपयोगाचा नव्हता. दुकानांत नवी भांडी विक्रीला असताना गृहिणींची चूल का रिकामी करावी, अशी टीकाही झाली. देणाऱ्यांच्या भावनेत खोट नव्हती. मागणाऱ्यांनी मात्र मागण्यापूर्वी पुरेशी चौकशी केली नव्हती.

कपड्यांच्या कामात तशी चूक परवडणारी नव्हती. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रीमागून रात्री बाँब पडू लागले. अंगावरच्या वस्त्रांनिशी बाहेर पडलेली कुटुंबे मदतकेंद्रांत येत. अमेरिका आणि कॅनडातून देणगीदाखल आलेल्या कपड्यांचे गठ्ठे तेथे उघडले जात. प्रत्येक कपडा तपासायचा, माप पाहायचे, स्त्री-पुरुष-बालक अशी वर्गवारी करायची, वाटपाची नोंद ठेवायची. या कामाला कोणी टाळ्या वाजवीत नाही. पण थंडीत कुडकुडणाऱ्या मुलाला त्याच्या मापाचा कोट मिळे, तो या नोंदवहीमुळेच.

जून १९४१ मध्ये कपड्यांवर रेशनिंग आले. प्रौढ माणसाला पहिल्या वर्षासाठी ६६ कूपन मिळाले. मोठ्यांनी जुना कोट आणखी एक हिवाळा वापरला असता; परंतु मुलांची वाढ सरकारी कूपनांची वाट पाहत नाही. यावर संघटनेने मुलांच्या कपड्यांची अदलाबदल केंद्रे काढली. आईने लहान झालेला स्वेटर किंवा बूट आणावेत, त्यांच्या स्थितीनुसार गुण मिळावेत आणि त्या गुणांवर मोठ्या मापाचे काही निवडून न्यावे. पैसा नाही, सरकारी कूपन नाही. या योजनेतले खरे मर्म निराळेच होते. दान घेताना ज्यांची मान खाली जात होती, त्या आया येथे देणाऱ्याही होत्या आणि घेणाऱ्याही. गिऱ्हाइकासारख्या त्या मांडणीसमोर उभ्या राहत, कापड हाताने चाचपून पाहत, नको असेल ते परत ठेवीत. मदतीमागे इतका विचार क्वचितच केलेला आढळतो.

काम करणाऱ्या स्त्रियांमध्येही बदल घडत होता. बॅरो-इन-फर्नेस या जहाजबांधणीच्या गावी नेला लास्ट नावाची एक मध्यमवयीन गृहिणी या संघटनेत काम करी. युद्धकैद्यांना पाठवायच्या पार्सलांसाठी निधी जमवणाऱ्या रेडक्रॉसच्या दुकानातही ती राबली. चिंध्यांपासून ती बाहुल्या शिवी. सामान्य लोकांचे जीवन टिपून ठेवणाऱ्या एका उपक्रमासाठी तिने वर्षानुवर्षे दैनंदिनी लिहिली. तीत रेशन, शिवणकाम, सैन्यातल्या मुलाची काळजी यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट हळूहळू उमटत जाते: आयुष्यभर पतीच्या मर्जीने वागलेल्या या स्त्रीला आपल्या हातून काय काय होऊ शकते याची जाण येत होती आणि पूर्वीच्या कोंडीत परत जाणे तिला नकोसे वाटू लागले होते.

या सेवेची किंमतही मोजावी लागली. हल्ले चालू असताना चहा-अन्नाच्या गाड्या घेऊन फिरणाऱ्या आणि केंद्रे सांभाळणाऱ्या अशा दोनशेहून अधिक सभासद स्त्रिया युद्धात मृत्युमुखी पडल्या.

१९४५ मध्ये युद्ध संपले. कपड्यांचे रेशनिंग मात्र मार्च १९४९ पर्यंत चालू राहिले आणि तोवर मुलांचे बूट दर हिवाळ्यात लहान होतच राहिले.