कंबर कसा आणि केसपेपर काढा!

मित्रांनो, इंजिनिअरिंगला आल्यापासून कंबरदुखी आपल्याला नवीन नाही. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या खाटेवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलं की पाठीचा पार कंस होतो. पण मी लिहितोय ते आईच्या कंबरेबद्दल.

आई खुरपणीला जाते. गेल्या वर्षी तिची कंबर अशी धरली की रोज बुडायला लागला. आम्ही खासगी दवाखाना गाठला. आत गेल्या गेल्या एमआरआय सांगितला. तेवढ्या पैशात माझी एका सेमिस्टरची मेस निघाली असती! तेव्हा म्हटलं, सरकारी जिल्हा रुग्णालयात जाऊ. आई म्हणाली, "आरं, तिथं दोन मिनिटात काय कळतंय त्यांना?"

पहिल्यांदा तसंच झालं. सोमवारची तोबा गर्दी, आई म्हणाली "कंबर दुखते", डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, खेळ खलास. परत येताना मी सरकारला भरपूर शिव्या घातल्या. मग रात्री विचार केला, की व्हायव्हाला आपण असंच अर्धं वाक्य बोललो तर मार्क किती पडतील?

दुसऱ्या वेळी एका कागदावर पाच ओळी लिहून नेल्या. कधीपासून दुखतं, कशाने वाढतं, कळ पायात उतरते का, मुंग्या येतात का, आतापर्यंत कुठल्या गोळ्या घेतल्या. जुना केसपेपरही सोबत. वेळ तेवढाच, दोन-चार मिनिटं. पण डॉक्टरांनी आईला झोपवून पाय सरळ उचलून पाहिला, टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं, लघवीवर ताबा आहे ना हे विचारलं. म्हणाले, "नस दबल्याची लक्षणं नाहीत, एमआरआय आत्ता नको. झोपून राहू नका, हिंडत्या-फिरत्या राहा." आणि फिजिओथेरपी विभागात पाठवलं. तिथे शिकवलेले व्यायाम आई आजही करते. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण ती परत कामावर जाते.

नंतर वाचल्यावर कळलं, की बहुतेक कंबरदुखी अशीच, काही आठवड्यांत कमी होणारी असते. एमआरआयमध्ये सरकलेली गादी तर न दुखणाऱ्या माणसांतही दिसते. मात्र पायातली ताकद कमी झाली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा सोबत ताप असला, तर वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. पण 'फुकटचं ते हलकं' हे आपल्या डोक्यातून जात नाही. व्यवस्थेत दोष नाहीत असं मी मुळीच म्हणत नाही. व्यायाम शिकायला खेड्यातून जिल्ह्याला यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एक रोज गेलाच. ही सोय तालुक्याला हवी, आणि ती आपण मागितलीच पाहिजे. पण मागणार कोण? ज्याच्याकडे पैसा आहे तो तिथे जात नाही, आणि जो जातो तो बोलत नाही.

आपण शिकलेली पोरं. घरचं कुणी सरकारी दवाखान्यात निघालं तर सोबत जा, त्या पाच ओळी लिहून द्या. तेवढं इंजिनिअरिंग आपल्याला नक्कीच जमेल!